केराचा डबा घेताना

डबा घ्यायला निघायच्या आधी आठवडाभर आपल्या घरात केर कसला आणि किती निघतो ते बघ. दुकानात शिरलं की माणूस घर विसरतो आणि डबेच बघत बसतो. मग चकचकीत झाकणाचा, पायानं उघडणारा, पंधरा लिटरचा डबा घरी येतो आणि ओट्याखाली शिरत नाही म्हणून दारामागे जाऊन बसतो. तुझी आई फोनवर म्हणाली, धनकवडीच्या तुमच्या घरात स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा आणि त्यापुढं जेमतेम एका माणसाला उभं राहण्यापुरती जागा. शिवाय जावईबापू मोबाइलवर सेन्सरचा डबा बघताहेत, हात नुसता पुढं नेला की झाकण उघडणारा. त्यांना जरा थांबव आणि हे आधी दोघं मिळून वाचा.

गिरगावात आमच्या खोलीत सात माणसं होती आणि केराचा डबा म्हणजे गोडेतेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. वरचा पत्रा कापून कडा आत ठोकलेल्या आणि तारेची कडी लावलेली. 15 किलो तेल मावायचं तो डबा साधारण साडेसोळा लिटरचा. सात माणसांना तो पुरून उरायचा. आणि तुम्ही दोघं निघालात पंधरा लिटरचा घ्यायला!

दोन माणसांच्या घरात दोन्ही वेळा स्वयंपाक होत असला तरी ओला केर दिवसाला साधारण अर्धा किलो निघतो. भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, ताटातलं खरकटं. सुटा टाकला तर त्याला दीड-दोन लिटर जागा लागते. म्हणजे 5 लिटरचा डबा तुम्हाला भरपूर झाला. आलं-गेलं धरून 7 लिटरचा घ्या. चार माणसांच्या घराला 8 ते 10 लिटर पुरतात. लहान घरात त्याच्यावर जायचं कारणच नाही. दुकानदार म्हणेल, मोठा घ्या ताई, दोन-तीन दिवस बघायला नको. सगळी गोम तिथंच आहे. डबा मोठा असला की तो भरेपर्यंत आपण थांबतो, आणि ओला केर डबा भरायची वाट बघत नाही, त्याच्या आधीच आंबतो. माशीची अंडी उन्हाळ्यात एका दिवसाच्या आत फुटतात. त्यामुळं डबा भरो न भरो, संध्याकाळी नाहीतर सकाळी, दिवसातून एकदा तो रिकामा करायचाच. लहान डबा आपल्याला ती शिस्त लावतो. मोठा डबा आळशी बनवतो.

लिटरचा आकडा डब्यावर चिकटवलेला असतो, पण त्यावर जाऊ नकोस. पिशवीत दर्जीचा टेप ठेव. गोल डबा असेल तर तोंडाची रुंदी सेंटिमीटरमध्ये मोज, तिला तिनंच गूण, मग उंचीनं गूण आणि आलेल्या आकड्यातून पाचवा हिस्सा वजा कर. समजा तोंड 20 सेंटिमीटर आणि उंची 25. वीस गुणिले वीस गुणिले पंचवीस म्हणजे 10,000. पाचवा हिस्सा गेला, राहिले 8,000. म्हणजे डबा 8 लिटरच्या आसपासचा. खाली निमुळता असेल तर आणखी थोडा कमी धर. पायानं उघडणाऱ्या डब्यात कित्येकदा बाहेरच्या खोळीचं माप सांगतात आणि आतली बादली त्याहून चांगलीच लहान निघते. ती बाहेर काढून तिचंच माप घे. दुकानदार बघत राहिला तर बघू दे. पैसे आपले जाणार असतात.

दुसरं माप घरातल्या जागेचं. सिंकखाली पाइप खाली वळून परत वर जातो ते ढोपर असतं ना, त्याच्या खालची मोकळी उंची मोज. झाकण मिटलेल्या डब्याची उंची सगळे मोजतात, उघड्या झाकणाची कोणी मोजत नाही. 25 सेंटिमीटर उंच आणि 20 सेंटिमीटर तोंडाचा डबा झाकण उभं राहिलं की 45 सेंटिमीटर होतो. वर फळी असेल तर झाकण अर्धवट उघडतं, आपण हातानं उचकटतो आणि दोन महिन्यांत बिजागरी तुटते. मग आपणच म्हणतो, डबा तकलादू निघाला. गोल डब्यापेक्षा चौकोनी डबा कोपऱ्यात नीट बसतो हे खरं, पण त्याच्या आतल्या कोपऱ्यांत घाण धरून बसते. चौकोनी घ्यायचाच तर आतून बोट फिरवून बघ, कोपरे गोलसर हवेत. बोट जिथं पोचत नाही तिथं घासणीही पोचत नाही.

आता डबा कशाचा घ्यायचा. माझं मत स्पष्ट आहे: ओल्या केराला साधं, जाड, चांगल्या प्लास्टिकचं भांडं, सुटं होणाऱ्या झाकणाचं. डबा उलटा करून बुडाशी बघ. तिथं त्रिकोणात आकडा असतो. 5 असेल तर पॉलिप्रॉपिलीन, 2 असेल तर जाड पॉलिथिन, दोन्ही चालतील. आकडाच नसेल, रंग मळकट काळा असेल आणि आत नाक घातल्यावर जळक्या रबरासारखा वास येत असेल तर तो कसल्यातरी भंगारातून ओतलेला डबा आहे. असल्या डब्याला उन्हात वर्षभरात चिरा जातात. तोंडाची कड दोन्ही हातांनी आत दाबून बघ. चांगला डबा वाकतो आणि सोडला की परत गोल होतो. वाईट डबा एकतर दबतच नाही नाहीतर दाबल्या जागी पांढरी रेघ उमटते. ती रेघ दिसली की डबा खाली ठेव आणि पुढच्या दुकानात जा.

आतून रंग फिका असावा. गडद रंगात घाण दिसत नाही म्हणून लोक चॉकलेटी डबा घेतात, आणि घाण दिसत नाही म्हणून तो कधी धुतही नाहीत. सगळीकडे ओल्याला हिरवा आणि सुक्याला निळा हा रिवाज पडलाय तर हिरवाच घे, पण फिका हिरवा. घरात पाहुणा आला तरी त्याला विचारावं लागत नाही.

स्टीलचा डबा दिसायला देखणा, हे मी नाकारत नाही. दिवाणखान्यात कागदाचे कपटे टाकायला ठेव. पण ओल्या केरात मीठ असतं, लोणच्याचा खार असतो, ताक असतं, लिंबाच्या फोडी असतात. हलकं स्टील हे सोसत नाही. तळाचा जोड जिथं असतो तिथून तांबूस डाग चालू होतो आणि डबा तिथंच गळायला लागतो. चुंबक लावून स्टील ओळखतात म्हणतात, ते अर्धंच खरं. चुंबक घट्ट चिकटला तर ते भारीतलं 304 नव्हे एवढं कळतं. पण चिकटला नाही म्हणजे 304 च आहे असंही नाही, कारण स्वस्तातल्या 202 लाही तो धड चिकटत नाही. स्टीलचा घेतलाच तर आत प्लास्टिकची सुटी बादली असलेलाच घे आणि केर थेट स्टीलला लागू देऊ नकोस.

पायानं दाबायच्या डब्याचा हट्ट का धरतात मला माहीत आहे. खरकट्या हातानं झाकणाला शिवायला नको. पण त्याच्यावर आमच्या वेळचा एक बिनखर्चाचा उपाय आहे. चिरायला बसलं की विळीपाशी कागद नाहीतर एखादं जुनं ताट असायचं. देठं, सालं सगळं त्यात. भाजी चिरून झाली की ताट एकदाच डब्यात उपडं करायचं आणि झाकण लावून टाकायचं. तू ओट्यावर उभ्यानं सुरीनं चिरतेस, हरकत नाही, सुरीच्या शेजारी ताट ठेव. दर सालीमागे डबा उघडायची गरजच उरत नाही, ओट्यापासून डब्यापर्यंत पाण्याचे थेंबही सांडत नाहीत. मोठा फायदा म्हणजे चमचा केरात जात नाही. घराघरांतले चमचे कुठं नाहीसे होतात याचा कोणी शोध घेतला तर ते सालींबरोबर गेलेले सापडतील.

तरीही पायाचाच हवा असेल तर तो उचलून तळाकडून बघ. पायाकडून झाकणापर्यंत जाणारी काडी लोखंडी सळीची असेल तर घे. प्लास्टिकची पट्टी असेल तर ती वर्षभरात मोडते, आणि एकट्या पट्टीचा बदली भाग कुठं मिळत नाही. दुकानातच पाय ठेवून दाबून बघ. रिकामा डबा मागे सरकला किंवा पुढून उचलला गेला तर घरच्या ओल्या फरशीवर तो तुझ्याशी शिवाशिवी खेळेल. तळाला रबराची बुटं हवीत. आणि सेन्सरचा डबा? त्याला सेल लागतात, ओला हात लागून यंत्र बिघडतं, आणि लहान स्वयंपाकघरात शेजारून जाता-येता तो उगाच तोंड उघडतो. जावईबापूंची हौस असेल तर वाढदिवसाला दुसरं काहीतरी दे.

खरा खर्च पुढंच आहे. डबा एकदा घेतो आपण, पिशवी रोज लागते. 2018 साली राज्यात प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली, त्याआधी भाजीबरोबर फुकट येणारी पिशवी केराला जायची. आता लोक केरासाठी पिशव्यांचा रोल विकत आणतात. लहान पिशवी साधारण 17 बाय 19 इंचांची मिळते, मधली 19 बाय 21, मोठी 24 बाय 32. लहान पिशवी दोन रुपयांना पडली असं धर, रोज एक म्हणजे वर्षाचे 730 रुपये. मधली तीन रुपयांना पडली तर 1,095. म्हणजे शे-दोनशे रुपयांच्या डब्यात घासाघीस करून वाचवलेले वीस रुपये पहिल्या पंधरवड्यातच गेले. डबा थोडा मोठा घेतला की पिशवी मोठी लागते, आणि तो फरक जन्मभर भरत राहायचा.

पिशवी डब्याला बसेल का ते बघायचं साधं गणित आहे. डब्याच्या तोंडाभोवती दोरा गुंडाळून मोज. पिशवीच्या रुंदीची दुप्पट त्याहून दोन-तीन इंच जास्त हवी. 17 इंचांची पिशवी उघडली की तोंड 34 इंच होतं, म्हणजे डब्याचा घेर 31-32 इंचांच्या आत असावा. लांबीचंही तसंच: डब्याची उंची, अधिक बुडाची अर्धी रुंदी, अधिक काठावरून मुडपायला तीन इंच, एवढी बेरीज 19 च्या आत बसली पाहिजे. 10-12 लिटरपर्यंतच्या डब्याला लहान पिशवी कशीबशी जमते, पुढं मधलीवर जावं लागतं. सुक्याला पिशवी वापरायची असेल तर हे लक्षात ठेव.

ओल्याला मात्र प्लास्टिकची पिशवी लावूच नकोस. पुण्यात तुमच्या दाराशी केर न्यायला जी बाई येईल ती बहुधा ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची असेल. 1993 साली कचरावेचकांनी कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, तिच्यातूनच पुढं 2008 पासून ही संस्था महापालिकेबरोबर घरोघर केर गोळा करते. तुम्ही गाठ मारून दिलेली पिशवी तिला हातानं फाडावी लागते, तेव्हा आतलं ओलं तिच्या अंगावर येतं. ओला केर तिच्या बादलीत सुटा ओतायचा, प्लास्टिक मध्ये आणायचं नाही. हिरव्या रंगाच्या ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून विकतात त्या पिशव्यांनाही भुलू नकोस. खरोखर कुजणारी असेल तर तिच्यावर ‘कंपोस्टेबल’ असं लिहिलेलं असतं, आयएस/आयएसओ 17088 हा मानकाचा आकडा असतो आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक असतो. नुसतं हिरवं पान छापून पिशवी कुजत नाही.

मग डबा रोज चिकट होईल, असं तू म्हणशील. त्याला वर्तमानपत्राचा द्रोण. वर्तमानपत्राची उघडलेली मोठी दुपानी घे आणि जास्तीची पट्टी कापून चौकोन कर. तो तिरका दुमडला की त्रिकोण होतो. लांब बाजू आपल्याकडे, टोक पलीकडे. डावा कोपरा उचलून उजव्या बाजूवर मध्याच्या जवळ टेकव, पट्टीची वरची कड खालच्या बाजूला समांतर आली पाहिजे. मग उजवा कोपरा तसाच डावीकडे आण, दोन्ही एकमेकांवर चढतात. वर जे टोक राहिलं त्याचे दोन पदर असतात. एक पुढच्या बाजूला मुडपून आतल्या खिशात खोच, दुसरा मागे मुडप. तोंड उघडलं की पेला तयार. तो डब्यात बसव, कडा बोटांनी दाबून भिंतीला लाव. बुडाशी आणखी एक पान चौघडी करून टाक, पाणी तेच शोषतं. रविवारी चहा पिता पिता आठवड्याचे द्रोण करून ठेवता येतात. टीव्ही बघता बघता जावईबापूही करतील, त्यांना फक्त एकदा दाखव. शेजारी सुतारकाम चालू असेल तर मूठभर लाकडाचा भुसा मागून आण, बुडाशी पसरला तर कागदाहून चांगला.

डब्याला वास केराचा नसतो, पाण्याचा असतो. स्वयंपाकघरातल्या ओल्या केराचं बहुतेक वजन पाण्याचंच असतं. म्हणून डब्याच्या आधी केर निथळायची सोय बघ. सिंकच्या कोपऱ्यात प्लास्टिकची भोकांची टोपली नाहीतर जुनी चाळण ठेव. खरकटं, धुतलेल्या भाजीची पानं, डाळ-तांदळातला गाळ सगळं आधी तिथं. चहाचा चोथा गाळण्यातच चमच्यानं दाबून पिळून घे. रात्री झाकपाक करताना टोपली डब्यात उलटी कर. एवढं केलं की मे महिन्यातही डब्यावर चिलटं घोंघावत नाहीत. वास मारायला सुगंधी गोळ्या आणि फवारे आणतात लोक. आंबलेल्या डाळीवर मोगऱ्याचा वास चढवला की काय होतं ते एकदा शेजारच्या घरी जाऊन बघ.

मासे आणाल त्या दिवशीचा नियम वेगळा. कोळंबीची टरफलं, बोंबलाची डोकी, पापलेटचे पर डब्यात टाकलेस तर सकाळपर्यंत जिना जाहीर करेल की तुमच्याकडे काल काय होतं. बाजारातच साफ करून घेणं उत्तम. घरी साफ केलेस तर ते दोन-तीन कागदांत घट्ट गुंडाळ, वरून जुनी दुधाची पिशवी, आणि थेट फ्रीजरमध्ये. गोठलेल्या माशाला वास नाही. सकाळी केरवाली आली की दुधाची पिशवी काढून कागदासकट ओल्यात. तुझ्या सासूबाई शाकाहारी आहेत, त्या येणार असतील तेव्हा मासेच आणू नका, हा वेगळा कानमंत्र.

रोज केर ओतल्यावर डबा पाण्यानं विसळून उलटा ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा नीट घासायचा. यासाठीही डबा लहान हवा, एका हातानं उचलून मोरीत नेता आला पाहिजे. मूठभर खाण्याचा सोडा आतून ओल्या हातानं चोळ, दहा मिनिटं ठेव, जुन्या ब्रशनं घास. आंबट वास सोड्यानं मरतो. लिंबाची पिळलेली साल तोंडाच्या कडेवरून आणि झाकणाच्या खाचेतून फिरव, बुरशी तिथंच धरते. ब्लीच वापरलंस तर नुसतं वापर. त्याच्याबरोबर संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नकोस, त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि कोंडलेल्या मोरीत जिवावर बेततं. मग डबा गॅलरीत उन्हात. पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा फडक्यानं आतून कोरडा पूस, ओल्या डब्यात कागद लावू नकोस. म्हणूनच सुटं झाकण हवं म्हणते. बिजागरीच्या फटीत जे जमतं ते कोणाच्या बापाला निघत नाही.

सुक्या केराला डबा विकत घेऊच नका. तो कुजत नाही, त्याला झाकण लागत नाही. दाराच्या मागे खिळ्याला एक कापडी पिशवी टांग, झालं. त्यात कागद, पुठ्ठा, बाटल्या, पाकिटं. एक गोष्ट मात्र पाळ: दुधाच्या पिशव्या. कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नकोस, चीर दे आणि तुकडा पिशवीलाच राहू दे. तो सुटा चिमटीएवढा तुकडा कोणाच्या हाती लागत नाही आणि गटारात जातो. पिशवी विसळून सिंकच्या वर उलटी लटकव, सुकली की सुक्यात टाक. धुतलेल्या दुधाच्या पिशवीचे भंगारवाला पैसे देतो, आंबूस पिशवीला तो हात लावत नाही.

तिसराही एक केर असतो. 2016 च्या घनकचरा नियमांनी घरातला केर तीन वाटे करायला सांगितला: ओला, सुका आणि घरातलाच पण धोक्याचा. संपलेली औषधं, सेल, रंगाचे उरलेले डबे, फुटलेले दिवे यांना एक बुटाचा रिकामा खोका पुरतो. तो वरच्या फडताळात ठेव, महिनोन् महिने भरत नाही. पॅड आणि लहान मुलांचे डायपर वेगळ्या कागदात गुंडाळून त्यावर लाल स्केचपेननं मोठा ठिपका काढायचा, पुण्यात ही खूण कचरावेचकांना माहीत आहे. न उघडता ती पुडकी बाजूला ठेवतात. सॅनिटरीसाठी न्हाणीघरात झाकणाचा छोटासा डबा हवा, तो मात्र पायानं उघडणारा घ्या. पायाच्या डब्याची खरी जागा तीच.

डबा कुठं घ्यायचा? तुळशीबागेत हौसेनं जा, पण भाव करायचा असेल तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत. तिथं प्लास्टिकची दुकानं ओळीनं आहेत, एकाकडे पांढरी रेघ उमटली तर दुसऱ्याकडे जाता येतं. बोहारीण दारावर आली तर जुन्या साड्यांच्या बदल्यात प्लास्टिकचा टब किंवा बादली देते, त्यातली झाकणाची बादली निवड. आणि खरं सांगू का, घेऊच नकोस. शेजारच्या इमारतीला रंग देणं चालू असेल तर रंगाऱ्याकडे रिकाम्या बादल्या पडलेल्या असतात. पाण्यात कालवायच्या भिंतीच्या रंगाची 4 किंवा 10 लिटरची बादली जाड, घट्ट झाकणाची आणि तारेच्या कडीची असते. स्वच्छ घासून घेतली की दहा वर्षं हलत नाही. झाकण फार घट्ट बसतं, तेवढं एका बाजूनं नुसतं टेकवायचं. तेलाचा 5 लिटरचा प्लास्टिकचा कॅनही वरून कापला तर एका माणसाच्या खोलीला पुरतो, हँडल ठेवून काप आणि धारदार कडेला चिकटपट्टी लाव.

आंब्याच्या दिवसांत ओला केर दुप्पट होतो, साली आणि कोयी. गणपतीत नारळाच्या शेंड्या, केळीची पानं. म्हणून कोणी वर्षभरासाठी मोठा डबा घेत नाही, तेवढे दिवस कपडे भिजवायची जुनी बादली काढायची. निर्माल्य केरात न घालता वेगळं ठेव, गणपतीत त्याचे कलश ठेवलेले असतात.

भारी डबा कोणी घ्यावा तेही सांगते. घरात कंबर धरलेलं वडीलधारं माणूस असेल, वाकता येत नसेल, तर उंच, पायानं उघडणारा, जड बुडाचा चांगला डबा घ्यायला हात आखडता घेऊ नये. हजार रुपये गेले तरी गेले. रांगतं मूल आलं की डबा जमिनीवरून उचलून ओट्याखालच्या ट्रॉलीत कडीआड ठेवायचा, त्याचा विचार तेव्हा करा. मांजर असेल तर झाकणावर वरवंटा. तुमच्याकडे सध्या यातलं काहीच नाही.

आणखी दोन गोष्टी, डब्याच्या नाहीत पण डब्याशी निगडित. पेला, बाटली, बांगडी, काही फुटलं तर काच ओल्यात नाही आणि सुक्याच्या पिशवीतही सुटी नाही. जाड कागदाच्या तीन-चार घड्यांत गुंडाळ, दोरा बांध, वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिही आणि केर न्यायला येणाऱ्या बाईच्या हातात सांगून दे. हातमोजे कधी असतात तिच्याकडे, कधी नसतात. तिचे महिन्याचे पैसे पहिल्या आठवड्यात देत जा, मागायला लावू नका.